उरकुडे काकांचा जर्मन साहेब

काका, आधी निकाल सांगतो, रडारड नंतर. हॉल फुल्ल. खुर्च्या संपल्या, मग लोकं मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली, आणि त्यातलं कोणीही "गाडी चुकीच्या जागी लावलीय" म्हणत मध्येच सटकलं नाही. दुबईतला मराठी माणूस पार्किंगची काळजी न करता आख्खं नाटक बघतो, हे मी तरी पहिल्यांदाच पाहिलं. आणि नाटक कशावर? लग्न नाही, सासू नाही, फ्लॅटची भांडणं नाहीत. जर्मनीतल्या, दीडशे वर्षांपूर्वीच्या, खाणखात्यातल्या एका ऑफिसरवर.

तुम्ही असता तर हे सगळं ऐकून घेतलं असतं, चष्मा कपाळावर सरकवला असता आणि विचारलं असतं, "ते ठीक हाये. पण चामडं बांधलं होतं का बे?"

बांधलं होतं काका. मागून. ढुंगणावर. तुमच्या ऑर्डरप्रमाणे.

मंडळाच्या स्मरणिकेसाठी तुमच्यावर लिही, असं मला कर्णिक साहेबांनी सांगितलं. आपले अध्यक्ष. "जरा सिरियस लिही हं," असं पोटातून येणाऱ्या त्यांच्या त्या आवाजात म्हणाले. मी त्यांच्याच आवाजात "नक्की, नक्की, इन्शाल्ला" म्हटलं. त्यांना कळलं नाही. मागे उभ्या असलेल्या सगळ्यांना कळलं.

लिहायला बसलो तर लक्षात आलं, तुमचा जन्म कुठला, शिक्षण किती, हे मला काहीच माहीत नाही. माहीत आहे ते एवढंच, की चंद्रपूरकडच्या कोळशाच्या खाणीत तुम्ही ओव्हरमन होता, म्हणजे खाली उतरणाऱ्या माणसांची जबाबदारी तुमच्या डोक्यावर. मग इकडे आलात आणि रास अल खैमाच्या डोंगरात, दगडखाणीत ब्लास्टिंग बघायला लागलात. शुक्रवारी संध्याकाळी कंपनीच्या बसमधून दुबईत, अल कुसैसला घराजवळ उतरायचात तेव्हा भुवयांवर पांढरी धूळ असायची आणि डोक्यात जर्मन.

आपली ओळख गणपतीच्या प्रोग्रॅममध्ये झाली. मी स्टेजवर मिमिक्री केली होती. कर्णिक साहेब, त्यांची मिसेस, बिल्डिंगचा मल्याळी वॉचमन, गाडीतली रस्ता सांगणारी बाई, सगळे एका दमात. लोकं लोळली. खाली उतरलो तर तुम्ही वाटीत शिरा घेऊन उभे.

"पुसदचा हाये म्हणते तू?"

"हो काका."

"मंग हे असं पुण्यावाणी कायले बोलून राहिला?"

"काका, कस्टमर केअरला आहे. पुसदवाणी बोललो तर कस्टमर घाबरते."

तुम्ही हसला नाहीत. शिरा संपवलात. मग म्हणालात, "तुले सगळे आवाज येते. पण तू थांबत नाहीस बे. टेपरेकॉर्डर हायेस तू."

"थांबलं की लोकं मोबाइल काढतात, काका."

"काढू दे. मंग परत खिशात ठेवते. ते पाहाले मजा येते." आणि लगेच, जसं काही बाजारातून कोथिंबीर आणशील का विचारताय, "एक जर्मन करशील?"

"मला जर्मन येत नाही."

"त्याले मराठी येते."

बस. मी फसलो तिथंच.

ग्रुबर साहेबाचं, म्हणजे तुमच्या नाटकातल्या त्या जर्मनाचं, आख्खं करिअर तुम्ही मला शारजाच्या ट्रॅफिकमध्ये ऐकवलंत. आपण तिथल्या रोल्ला बाजारात त्याचा कोट शिवायला टाकायला निघालो होतो. गाडी माझी, एसी अर्धवट, आणि तुम्ही बाजूच्या सीटवर मांडी घालून. पहिल्या सिग्नलपर्यंत ग्रुबर पोरगाच होता. त्या काळी खाणखात्यात साहेब व्हायचं असेल तर आधी स्वतः खाली उतरून हातोडा मारावा लागायचा, मजुरांसोबत, मजुरांचीच भाकर खाऊन. मग शाळा, मग परीक्षा. गाड्या जरा हलल्या तसा तो 'बर्गराट' झाला. बर्गराट म्हणजे खाणीचा मोठा साहेब, हे तुम्ही दोनदा सांगितलंत, कारण पहिल्यांदा मी कोणाला तरी हॉर्न मारत होतो.

"राजाचा पगार खाते तो," तुम्ही म्हणालात. "कोणती खाण किती खोदायची, माणूस किती, हवा किती, सगळं त्यानं ठरवायचं. आणि खाणवाल्यायचा एक फंड राहे. ज्यानं त्यानं थोडं थोडं टाकायचं. कोणी खाली राहिला, तर त्याच्या घरी चूल पेटली पाहिजे. तो फंड यानं नीट चालवला. लोकं खूश. त्याईनं याले बर्लिनले निवडून देल्लं."

"म्हणजे आमदार झाला?"

"हाव. पगार राजाचा, खुर्ची लोकायची. आता मजा पाय."

मजा अशी, की सरकारला सैन्यासाठी पैसा पाहिजे होता आणि हिशोब मात्र द्यायचा नव्हता. सभागृहात मतदान. तेही हात वर करून नाही. एकेकाचं नाव पुकारायचं, त्यानं जागेवर उभं राहून सगळ्यांसमोर बोलायचं, हो की नाही. मंत्री समोर बसलेला. ज्यांचा पगार सरकारी, त्यांच्याकडेच बघत बसलेला.

"आणि हा नाही म्हणतो," मी म्हटलं.

"तुले कसं माहीत?"

"हो म्हणाला असता तर तुम्ही नाटक कशाला लिहिलं असतं, काका!"

तेव्हा पहिल्यांदा हसलात. मग त्याची बदली झाली, देशाच्या पार कोपऱ्यात, मिठाच्या कारखान्यावर. मंत्र्याला वाटलं माणूस मोडला. तिथं त्यानं काय केलं, तर मिठाच्या विहिरीत उतरून पंप दुरुस्त केला. "खाणवाल्याले खाली पाठवतो म्हणून भेव दाखवते!" हे वाक्य तुम्ही माझ्या डॅशबोर्डवर हात आपटून म्हणालात, आणि शेजारच्या गाडीतला इजिप्शियन आपल्याकडे बघायला लागला. नाटकातसुद्धा ते वाक्य टाळ्या घेणार, हे मला तिथंच कळलं.

"हा माणूस खरा आहे का?"

"एक नाही. असे चार-सहा होते. मी त्याईले शिवून एक केला. जर्मनमंदी ग्रुबे म्हणजे खाण, म्हणून ग्रुबर."

शिवण्यावरून आठवलं, तो कोट! रोल्लाला इक्बालभाईंचं कापडाचं दुकान. माणूस रत्नागिरीचा, मंडळाचा जुना मेंबर, मनाचा राजा. पण त्यांचा कारागीर आयुष्यभर अबाया, अरब बायकांचे ते काळे पायघोळ झगे, शिवणारा. तुम्ही सांगितलंत काळा, लांब, गुडघ्याखाली. त्यानं मनापासून शिवला. वर दोन्ही बाह्यांवर चमचमणारे खडे, फुकट.

"इक्बालभाई, प्रशियाचा साहेब हाये हा. नवरी नाही."

"तो काय ऐकतोय? म्हणाला, एवढा लांब काळा कपडा आणि त्याला काम नाही, मला झोप नाही येणार. प्रेमाने लावलान हो त्याने."

खडे आपण दोघांनी तिथंच स्टुलावर बसून उसवले. आणि उसवता उसवता तुम्ही चामड्याचा विषय काढलात. जर्मन खाणवाले कमरेला मागून चामड्याचा तुकडा बांधायचे. ओल्या दगडावरून बसून घसरत खाली जायला, आणि गारठ्यात बसायला. पुढं तो त्यांचा मान झाला. साहेब लोकंसुद्धा समारंभाला घालायचे. तुमचं म्हणणं, ग्रुबर विधानसभेत ते बांधून जातो.

मी म्हटलं, "काका, पूर्ण सीनची वाट लागेल. लोकं मतदान बघणार का ढुंगण?"

"पहिले ढुंगण पाहतीन. मंग मतदान पाहतीन. मंग दोन्ही ध्यानात राहीन."



पण आपलं खरं भांडण चामड्याचं नव्हतंच. ते होतं थांबण्याचं.

ग्रुबर तुम्ही स्वतः करत होता. बाकी विधानसभा मी. कारण नट टिकत नव्हते. एकाची बदली दोह्याला, एक नर्स होती तिची ड्यूटी फिरती, एक जण तालमीला यायचा ते फक्त समोशासाठी. तुम्ही म्हणालात, माणसं नाहीत तर खुर्च्या ठेवू, तू हायेस नं. म्हणून मी खुर्चीमागून खुर्चीमागे पळत एकेक आमदार बोलायचो. आडलर कर्णिक साहेबांच्या आवाजात. हार्टमान इक्बालभाईंच्या. क्राउझला मी वॉचमन देऊन टाकला होता. नावं पुकारणारी कारकून तन्वी, आपल्या शिंदे वहिनींची मुलगी, इथंच जन्मली, इथंच वाढली. मराठी बोलते गोड, वाचताना मात्र तिच्या कपाळाला आठ्या.

तन्वी म्हणायची, "ग्रुबर!" आणि तुम्ही उठायचात. आणि गप्प.

नुसते गप्प. शनिवारची सकाळ, तुमच्या बिल्डिंगचा पार्टी हॉल, बाहेर कोणाच्या तरी पोराच्या बर्थडेचे फुगे घेऊन माणूस ताटकळतोय, आणि तुम्ही उभे.

"अंकल, ऑनेस्टली, इट्स टू लाँग," तन्वी.

"काका, लोकांना वाटेल तुम्ही डायलॉग विसरला," मी.

"वाटू दे."

"थोडं कमी करा ना. अर्धं."

"ब्लास्टिंगले सायरन देल्ला की लगेच बटन दाबते का कोणी? थांबा लागते. इकडं पाहा, तिकडं पाहा, कोणाचं बकरू तं नाही आलं. मंग दाबा लागते."

"विधानसभेत बकरू कुठून येणार, काका?"

"तू येते नं."

असे आपण महिनोन्महिने भांडलो. मी कधी घड्याळ दाखवायचो, कधी मुद्दाम घोरायचो, एकदा तर मध्येच तुमच्याच आवाजात "नाही" म्हणून टाकलं. तुम्ही गरकन वळून बघितलंत. रागानं नाही. घाबरल्यासारखं. आणि म्हणालात, "असं नको करत जाऊ. ते मलेच म्हणू दे." मला तेव्हा वाटलं, म्हातारा हट्टी आहे.

मग त्या सोमवारी सकाळी तुम्ही चहा प्यायलात, कप ओट्यावर ठेवलात आणि गेलात. एवढा थांबणारा माणूस, आणि जाताना जरा म्हणून थांबला नाही.

जेबेल अलीच्या स्मशानात तुम्हाला सोडायला आम्ही सगळे आलो. तुमचा मुलगा पहिल्या फ्लाइटनं पोचला. परतताना माझ्या गाडीत इक्बालभाई, तन्वी आणि कर्णिक साहेब. एरवी अशा वेळी मी कोणाचा तरी आवाज काढून गाडी हलकी करतो. काका, एक आवाज आला नाही. सगळे कुठं तरी बसून होते आत, पण बाहेर यायला कोणी तयार नव्हतं.

तुमचं तेरावं झालं, आणि पुढच्याच शनिवारी प्रयोग होता.

कमिटी बसली. कर्णिक साहेब म्हणाले, नाटक रद्द करू. त्याऐवजी भजनसंध्या ठेवू, उरकुड्यांना श्रद्धांजली. "जर्मन काय, पुढं कधीतरी बघता येईल." साहेबांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण पुढं कधीतरी म्हणजे काय, ते मला माहीत आहे. हॉल वर्षातून एकदा मिळतो. पुढच्या वर्षी तन्वी युनिव्हर्सिटीला बाहेर जाणार, माझा व्हिसा कोणत्या कंपनीत असेल देव जाणे, आणि त्या कोटाचा इक्बालभाईंचा कारागीर खरंच अबाया करून टाकणार. तुम्ही एवढी वर्षं डोक्यात सांभाळलेला माणूस स्टेजवर न येताच संपणार होता. त्याची दुसऱ्यांदा बदली, आणि या वेळी परत न येणारी.

"कोणाचा विरोध नाही ना?" कर्णिक साहेबांनी विचारलं. सगळे टेबलाकडे बघत होते. अशा वेळी विरोध कोणाचाच नसतो. मी तर कमिटीत नव्हतोच, चहा द्यायच्या निमित्तानं घुसलो होतो.

मी म्हटलं, "साहेब, असं नको. एकेकाचं नाव घेऊन विचारा."

"म्हणजे?"

"ग्रुबरच्या सभागृहात विचारायचे तसं."

इक्बालभाईंनी टेबलावर थाप मारली. "घ्या हो नावं. मेल्याचं बरोबर आहे."

आणि काका, गंमत बघा. नाव घेतलं की माणूस बदलतो. मघाशी टेबलाकडे बघणारा एकेक जण मान वर करून बोलायला लागला. शिंदे वहिनी म्हणाल्या, "रद्द नको." इक्बालभाई, "अजिबात नाय." एक जण म्हणाला, मला नाटक कळलं नाही, पण उरकुडे काकांनी मला पहिल्या दिवशी एअरपोर्टवरून घरी आणलं होतं, रद्द नको. शेवटी कर्णिक साहेबांचं स्वतःचं नाव राहिलं. ते बराच वेळ पेनाशी खेळले आणि म्हणाले, "मी अध्यक्ष आहे. अध्यक्षाला नाव नसतं." मग स्वतःच हसले. "करा रे. खलास. करा नाटक."

आता ग्रुबर कोण करणार? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तुमचं सगळं पाठ असलेला दुसरा होता कोण! माझी अडचण पाठांतराची नव्हतीच. मला तो ग्रुबर दुसऱ्या कुठल्या आवाजात ऐकूच येत नव्हता. तोंड उघडलं की तुम्ही. तोच खरखरीत घसा, तेच "हाव", तेच वाक्याच्या शेवटी खाली जाणं. आणि पहिल्या रांगेत काकू बसणार.

म्हणून विचारायला तुमच्या घरी गेलो. काकू सामान बांधत होत्या, कायमचं चंद्रपूरला जायचं होतं. त्या एकाही तालमीला आल्या नव्हत्या. तुमच्या जर्मन साहेबाला त्या "माझी सवत" म्हणायच्या.

"काकू, एक विचारू? रागावू नका. स्टेजवर काकांचा आवाज काढू का नको?"

खोक्याला चिकटपट्टी लावत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "काढ नं. घरात आता कोणी घोरत बी नाही."

मग हातातली कात्री मला दिली. "आणि हे इकडून काप."

प्रयोगाचं आता सांगतो. पहिला अंक तुम्ही बसवलात तसाच गेला. मी कोट घालून, चामडं बांधून पाठ फिरवली आणि हॉल फुटला. लोकं हसली, बघून घेतलं, मग गप्प झाली. तुम्ही म्हणाला होता अगदी तसंच. आणि मग मी तुमच्या आवाजात पहिलं वाक्य बोललो, तेव्हा पहिल्या दोन रांगांमध्ये कोणीतरी "अगं बाई" म्हणालं. मी काकूंकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तिथंच पडदा पाडावा लागला असता.

मतदानाचा सीन. आमदारांच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या, समोर मंत्री झालेले देशपांडे. तन्वी टेबलामागे उभी.

"आडलर!"

मी खुर्चीमागे जाऊन पोटातून, "हो. म्हणजे, तत्त्वतः हो." हॉलमध्ये शिट्ट्या. कर्णिक साहेब स्वतः टाळ्या वाजवताना दिसले.

"बोएमे!"

"हो."

"ग्रुबर!"

मी येऊन तुमच्या खुर्चीपाशी उभा राहिलो. आणि थांबलो.

काका, खरं सांगतो, मी ठरवलं होतं अर्धंच थांबायचं. भांडण तर भांडण, प्रयोग माझ्या अंगावर होता. पण आवाज तुमचा घेतला की थांबणं पण तुमचंच येतं, त्यातलं अर्धं तोडता येत नाही. मी उभाच राहिलो. एक मोबाइल चमकला. परत विझला. कोणीतरी खोकलं. तन्वीनं माझ्याकडे बघितलं, तिच्या डोळ्यांत 'टू लाँग' स्पष्ट वाचता येत होतं. मी तरी उभाच. एसीचा आवाज ऐकू यायला लागला. आख्खा हॉल पुढं वाकला होता.

आणि पहिल्या रांगेतून, खणखणीत, "अवो, नाही म्हणा नं!"

काकू.

उठून उभ्या राहिल्या होत्या. पदर खांद्यावर घट्ट ओढलेला. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, माझ्या जागी जो कोणी त्यांना दिसत होता त्याच्याकडे बघत होत्या. आणि माझ्या तोंडून तुमचं "नाही" गेलं. सपाट, लहान, तुम्ही सांगायचात तसं. त्यात माझी काहीच करामत नव्हती. एवढ्या जोरात सांगितल्यावर कोणीही म्हणालं असतं.

तन्वीनं कागदावर टिक केली. पोरीनं काय डोकं चालवलं बघा, तिनं तसंच गंभीर तोंड ठेवून जाहीर केलं, "ग्रुबर, नाही. नोंद झाली." आणि लगेच, "हार्टमान!"

मी धावलो हार्टमानच्या खुर्चीकडे, इक्बालभाईंचा आवाज घशात तयार. तर तिसऱ्या रांगेतून खुद्द इक्बालभाई: "नाय!"

मी तिथंच थबकलो. "क्राउझ!" मागच्या दारातून आपला वॉचमन, ज्याला मराठीचे चार शब्द येतात, त्यानं ते सगळे वापरले: "नाही, नाही साब, नाही!" मग हॉलच सुटला. तन्वी नाव घेतेय आणि लोकं उठून उभी राहून बोलताहेत. पोरंटोरं "नो!" ओरडताहेत. कर्णिक साहेब उठले आणि म्हणाले, "आडलर आपलं मत बदलतो!" मी स्टेजवर हात हलवत उभा, सगळे आवाज आपापल्या मालकांकडे परत गेलेले, माझ्याकडे कामच उरलं नाही. तुमच्या नाटकात हे लिहिलेलं नव्हतं. मंत्री झालेल्या देशपांड्यांना पुढं काय करायचं सुचेना, ते बिचारे खुर्ची उचलून विंगेत निघून गेले. त्यालाही टाळ्या पडल्या.

"खाणवाल्याले खाली पाठवतो म्हणून भेव दाखवते!" याला तर मला पुढचं वाक्य बोलू देईनात. पडदा पडला तरी लोकं उभीच.

मेकअप पुसत होतो तर काकू आत आल्या. मी म्हटलं आता शिव्या पडणार. त्या स्टुलावर बसल्या, माझ्या कमरेचं चामडं हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं.

"शिलाई कच्ची हाये," म्हणाल्या.

"काकू, तुम्ही एकदम मध्येच..."

"मंग काय करू? किती वेळ उभं ठेवतं माणसाले?" मग चामडं मांडीवर ठेवून, "तिकडं चंद्रपूरले बी असंच झालं होतं. कोलियरीत, खाणीवर."

आणि तुम्ही मला कधीच न सांगितलेली गोष्ट त्यांनी भाजी निवडल्यासारखी सांगितली. खालच्या एका बोगद्याचं छत आवाज करत होतं. तुम्ही माणसं बाहेर काढली होती. संध्याकाळी मॅनेजर घरी आला, दारातच उभा राहून म्हणाला, उद्या सकाळी माणसं आत नेतो की नाही, एवढं सांग, हो की नाही. तुम्ही जेवायला बसला होता. हात ताटात. आणि गप्प.

"भात गार झाला," काकू म्हणाल्या. "मॅनेजर दारात, हे ताटावर, मी चुलीपाशी. पोरगं मांडीवर. हे काही बोलतच नाहीत. मनात हाये ते तोंडावर येऊन अडकलेलं. शेवटी मीच म्हटलं आतून, अवो, नाही म्हणा नं. मंग म्हणाले."

"मग?"

"मंग काय. बदली. पार त्या कोपऱ्यात. नळ बी नव्हता तिथं."

"आणि छत पडलं का?"

"माणसं आत गेलीच नाही रे. छताचं काय घेऊन बसला!" उठल्या, पदर झटकला. "सगळे मले सांगते, काय हिंमतीचा माणूस होता. होती हिंमत, मी कुठं नाही म्हणते? पण स्टार्टर मी होती."

काका, म्हणजे ते ब्लास्टिंगचं, बकराचं, सायरनचं, सगळं मला गुंडाळायला होतं. त्या पार्टी हॉलमध्ये, फुगेवाला दाराशी उभा असताना, तुम्ही चुलीकडून आवाज यायची वाट बघत उभे असायचात. आणि ती बाई घरी तुमच्या जर्मनला सवत म्हणत कणीक मळत होती. मी तुमच्या आवाजात मध्येच "नाही" म्हणालो त्या दिवशी तुम्ही का वळून बघितलंत, ते आता कळलं: चुलीकडून हाक यायच्या आधीच ते मी उरकून टाकलं होतं. ते थांबणं मला आता अर्धं करायचं नाही. भांडण मी हरलो. तुम्ही जिंकलात असं मात्र समजू नका, त्या जिंकल्या.

अबुधाबीच्या मंडळाचा फोन आला, आमच्याकडे पण करा. मी काकूंना विचारलं, तिकिटाचं काय करायचं, तुमचं तर जायचं ठरलंय. त्यांनी बांधलेल्या खोक्यातून इस्त्रीची साडी काढली, ते खोकं परत बंद करायचे कष्ट पण घेतले नाहीत.

"तिकीट पुढं ढकल," म्हणाल्या. "मी नाही आली, तर तो जर्मन नाही कसा म्हणन?"